झूल कोणाची?

माणसाने राग गिळावा असं सगळे सांगतात. मी गिळला नाही. आठ महिने तोंडात धरून ठेवला, रोज थोडा थोडा चघळला, आणि पोळ्याच्या दिवशी चार गावच्या लोकांसमोर पाटलाच्या तोंडावर थुंकला. आज अमरावतीत माझं स्वतःचं शिवणकामाचं दुकान आहे, केस पांढरे झाले, नातवंडं अंगावर चढतात. तरी तो दिवस आठवला की मला घास गोड लागतो. नंतर संध्याकाळी जे झालं ते आठवलं की तोच घास घशात अडकतो. दोन्ही सांगतो, कारण एक सांगून दुसरं लपवलं तर मी आणि पाटील यांच्यात फरक राहायचा नाही.

आमचं गाव अकोल्यापासून बंडीने एका दिवसाच्या वाटेवर, मूर्तिजापूरच्या अंगाला. आम्ही गावचे शिंपी. तेव्हा दूर कुठे अमेरिकेत लढाई लागली होती, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याची कळा आली होती. अमेरिका कोणत्या दिशेला ते आमच्याकडे कोणाला ठाऊक नव्हतं, पण लढाई अशीच चालू राहू दे म्हणून मारुतीला नारळ फोडणारे लोक मी डोळ्यांनी पाहिलेत. पाटलाने तर बंडीच्या चाकांच्या लोखंडी धावा काढून चांदीच्या बसवल्या. बंडी गेली की पोरं मागच्या धुळीत चांदीचा कीस शोधत बसायची.

चाकं झाली तेव्हा पाटलाला बैल सुचले. पोळ्यात त्याच्या मानाच्या बैलावर अशी झूल पाहिजे की पंचक्रोशीत कोणाकडे नसेल. ते काम त्याने माझ्या बाला, म्हणजे बापाला, सांगितलं.

बाने ती झूल आठ-नऊ महिने शिवली. लाल खारव्याचं दुहेरी कापड, कडेला कवड्या, मध्ये आरशाचे तुकडे. इतकं कुठलाही शिंपी करील. पण चारी काठांवरून बाने पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, फिरवली होती. एका कोपऱ्यात तिला नुसती पाती, म्हणजे कळ्या, लागलेली, पुढे पिवळं फूल, मग ते फूल उतरताना गुलाबी होतं तसं गुलाबी, मग हिरवं मिटलेलं बोंड, आणि फिरून पहिल्या कोपऱ्याशी येईतो बोंड फुटून पांढराशुभ्र कापूस बाहेर. लोक जवळ येऊन त्या कापसाला बोट लावून बघायचे, खरा तर नाही ना म्हणून. असं काम कोणी बाला शिकवलं नव्हतं आणि कोणी मागितलंही नव्हतं. ते त्याच्या मनातून आलं होतं.

त्या कामाने त्याचे डोळे गेले. आधीच एका डोळ्यात फूल पडलेलं, दुसऱ्यावर पडदा येत होता. शेवटचं बोंड त्याने जवळजवळ बोटांनीच भरलं. सुई ओवताना दोऱ्याचं टोक जिभेने ओलं करायचं, नखाने चपटं करायचं, आणि नेढं अंगठ्याने चाचपून दोरा आत घालायचा, हे तो शेवटी न बघताच करायला लागला. "ही झाली, आता डोये गेले तरी चालतीन," असं तो माझ्या बायकोला म्हणाला. मला त्याचा तेव्हा राग आला होता. पाटलाच्या बैलासाठी डोळे घालवणारा हा कोण शहाणा, असं मी बोललोही.

माझ्या हाताला सुई कधी धार्जिणी नव्हती. पंतोजीकडे दोन पावसाळे बसल्यामुळे बाळबोध अक्षर लागायचं, आणि दुसरी विद्या म्हणजे झडत्या. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याला गावाबाहेर आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, तोरण बांधतात, त्याखाली सजवलेले बैल उभे करतात, आणि लोक एकमेकांवर टोमण्याचे जोड रचून म्हणतात, ती झडती. दोन ओळी एकाने म्हणायच्या, मागे सगळ्यांनी महादेवाचा गजर करायचा. ज्याच्यावर झडती पडेल त्याने त्या दिवशी रागवायचं नाही, तोरण सोडून जायचं नाही, असा जुना नेम. गावात झडती म्हणावी तर मीच. बा म्हणायचा, "देवानं मले सुई देल्ली, याले जीभ देल्ली. दोनीबी टोचतात."

त्या हिवाळ्यात अकोल्याला साहेबांनी नुमाइश भरवायची ठरवली. कापूस, जनावरं, नांगर आणि कारागिरांच्या हातच्या वस्तू मांडायच्या, चांगलीला बिल्ला द्यायचा. कचेरीचा एक कारकून गावोगाव फिरत आमच्या चावडीवर आला. पाटलाने झूल आणवून त्याच्यापुढे पसरली. बाला आणि मलाही बोलावणं होतं. कारकून किती तरी वेळ काठ बघत राहिला, मग कागद पुढे ओढून त्याने विचारलं, "ही कोणाची?"

बाने हात जोडले आणि म्हणाला, "मालकाचीच जी."

यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही. मला विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. आमच्यात बोलायची रीतच ती. अंगरखा ज्याच्या अंगावर त्याचा, झूल ज्याच्या बैलाची त्याची. धन्यासमोर बसून 'ही माझी' म्हणणारा शिंपी आमच्या सात पिढ्यांत झाला नाही. कारकून पडला परगावचा, त्याला वाटलं हा करणाऱ्याचं नाव सांगतो आहे. त्याने लिहिलं. पाटील शेजारीच लोडाला टेकून बसला होता, त्याला वाचता येत होतं, आणि कागदावर काय उतरलं ते त्याने मान लांब करून बघितलं. मग पुन्हा लोडाला टेकला आणि मिशीवरून हात फिरवला. तो हात मी विसरलेलो नाही.

नुमाइश भरल्यावर बा अकोल्याला जायचा हट्ट धरून बसला. दिसत तर काही नव्हतं, उजेड आणि सावली एवढंच. "दिसो ना दिसो, तिच्यासमोर उभं राहाचं हाय," म्हणाला. मी बंडीत घोंगडी अंथरली आणि त्याला घेऊन गेलो.

मोठ्या मैदानात कापडाचे मांडव होते. आत गर्दी, पण देवळात असते तशी दबकी. प्रत्येक वस्तूजवळ कागदाची चिठ्ठी, आणि 'हात लावू नका' म्हणून ओरडायला छडीवाला शिपाई. जिच्यावर बाने आठ-नऊ महिने हात फिरवला होता त्या झुलीपासून त्याला दोन हात दूर उभं केलं. ती बांबूच्या चौकटीवर ताणून टांगली होती, वरच्या कोपऱ्याला लाल फीत. लाल फीत म्हणजे पहिला नंबर, असं शेजारच्या माणसाने सांगितलं. बाच्या गळ्यातून एक बारीकसा आवाज आला.

"चिठ्ठीवर काय लिवलं, वाच," तो म्हणाला.

मी वाकलो. वर साहेबी अक्षर होतं, खाली बाळबोध. बैलाची झूल. करणार, आणि पुढे पाटलाचं नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट, मौजेसकट. मी दोनदा वाचलं. शिंपी हा शब्द कुठे आहे का ते पाहिलं. नव्हता.

मान वर केली तर बा माझ्याकडे तोंड करून उभा. डोळे पांढरे, तोंड जरासं उघडं, सणाच्या दिवशी लेकरू ताटाची वाट बघतं तसा. माझ्या जिभेने आयुष्यभर लोकांना टोचलं, त्या दिवशी ती पहिल्यांदा खोटं बोलली. मी बाचं नाव वाचलं. मग त्याच्या बापाचं. मग गाव आणि शिंपी. मोठ्याने वाचलं.

"अखीन एक डाव वाच."

मी वाचलं. त्याने तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "मले हात लावू दे. झुलीले नाई, चिठ्ठीले." मी शिपायाला हातजोडी केली. त्याने म्हाताऱ्याचे डोळे पाहिले आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. मी बाचं उजव्या हाताचं बोट धरलं आणि त्या ओळीवर ठेवलं. बा ते बोट अक्षरांवरून सावकाश फिरवत गेला, टीप उसवलीय का ते चाचपतात तसं. बाच्या नावाची ओळच नव्हती, तर मी तरी काय करणार होतो? पाटलाच्या नावावरून बाचं बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं आणि मी ते हाताने धरून नेलं.

परतीच्या वाटेवर तो गाणं म्हणत होता. मी बैलांना विनाकारण मारलं.

मला वाटलं होतं गावात चार दिवसांत खोटं उघडं पडेल. पडलं नाही, कारण आमची भाषाच पाटलाला सामील झाली. पुढे पाटलाला चांदीचा बिल्ला आला, तो छातीवर लावून हिंडू लागला, आणि जो तो म्हणे, 'पाटलाच्या झुलीले बिल्ला भेटला.' बा हे ऐकायचा आणि मान डोलवायचा. पाटलाची झूल, बरोबरच, आणि केली कोणी ते चिठ्ठीवर लिहिलंच आहे. आपल्या तोंडाने आपली बढाई सांगू नये, दृष्ट लागते, म्हणून तो स्वतः कोणाजवळ बोलायचा नाही. फक्त माझ्या बायकोला सांगायचा, तेही ती भाकरी थापत असताना, हळूच. ती मला विचारायची, "तुमी त्याले खरं काहून नाई सांगत?" मी उठून बाहेर जायचो.

झूल परत आलीच नाही. साहेबांना ती इतकी आवडली की मोठ्या शहरातल्या अजबखान्यात कायमची ठेवायला त्यांनी मागून नेली, चिठ्ठीसकट. माझी नातवंडंही म्हातारी होऊन मरतील आणि तिथे ती तशीच टांगलेली राहील, खाली पाटलाचं नाव घेऊन.

हे कळलं तेव्हा मी पाटलाच्या वाड्यावर गेलो. तो ओसरीवर पान लावत होता. मी म्हणालो, "मालक, कारकुनाची चूक झाली. तुमी कचेरीत एक कागद लिवून द्या. तुमाले काई कमी पडनार नाई. म्हाताऱ्याचं नाव लागू द्या."

पाटील हसला. नुसता हसला असता तरी मी कदाचित परत आलो असतो. तो म्हणाला, "अबे, मी कुठं म्हनलं मी केली म्हून? तुह्या बापानंच सांगतलं, मालकाची हाय. आता मी काय म्हाताऱ्याले खोटं पाडू?" आणि पान तोंडात घातलं. मग जसं काही आठवलं तसं म्हणाला, "बरं झालं आला. पुढच्या थंडीत अमरावतीले याच्याहून मोठी नुमाइश हाय. तशीच एक झूल कर. पोयाले बैलावर घालू, पाहुण्याईले दाखवू, मंग पाठवू. बापाले नसन दिसत तर तू शिव, तो सांगन."

बाचा मान बाच्याच तोंडून काढून घेतलेला, आणि वर तशीच आणखी एक पाहिजे. मी हात जोडले आणि म्हणालो, "हो जी मालक. पोयाले आनून देतो."

बाला मी यातलं काही सांगितलं नाही. पाटलाने पाठवलेला लाल खारवा पेटीत घातला आणि कुलूप लावलं. अधूनमधून पाटील विचारायचा, झूल कुठवर आली? मी सांगायचो, फूल झालं जी, आता बोंडावर आलो. तो खूष व्हायचा. वेचणी संपली, उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या. मी एक टाका घातला नाही, झडत्या मात्र रोज रचल्या आणि रोज घासून घासून बारीक केल्या. इतकं मन लावून काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं.

पोळ्याला पाटलाने थाट केला. अमरावतीच्या बाजारातला एक कापसाचा शेठ पाहुणा आणला, आणि तोच कचेरीतला कारकून. आखरावर तोरण लागलं, बैल उभे राहिले. पाटलाचा मानाचा बैल उघड्या पाठीने मध्ये, नव्या झुलीची वाट बघत. पाटील त्याच्या कासऱ्याला धरून, छातीवर बिल्ला. त्याने शेठला सांगितलं, "आता पाहा, अमरावतीचा बिल्ला कोनाले भेटते ते."

मी पितळी थाळी घेऊन पुढे गेलो, वर कापड झाकलेलं. "आनली ना बे?" पाटील म्हणाला. "आनली जी," म्हणालो आणि कापड काढलं. खाली कोरा खारवा, घडी न मोडलेला. त्याच्यावर एक सुई आणि दोऱ्याचं गुंडाळं. पाटलाच्या चेहऱ्यावर प्रश्न उमटायच्या आत मी झडती फेकली.

छातीवर बिल्ला, मिशीले पीळ,
सुईच्या नेढ्याले म्हणे उंदराचं बीळ!
बोला, हर हर महादेव!

लोकांनी सवयीने गजर केला आणि मग त्यांना अर्थ लागला. हशा असा उठला की बैल बुजले. पाटील म्हणाला, "हे काय होय?" मी त्याला बोलू दिलं नाही.

झूल माही, बिल्ला माहा, म्हणे माहा हात,
ओवा मालक, एकच दोरा, गाव पाह्यते वाट!
बोला, हर हर महादेव!

मी थाळी त्याच्या छातीला लावली. मग कारकुनाकडे वळून, साऱ्या आखराला ऐकू जाईल असं म्हणालो, "रावसाहेब, तुमच्या चिठ्ठीवर झूल करनार म्हून आमच्या मालकाचं नाव हाय. शिंप्याचं नाव नाई. आता कारागीरच उभा हाय समोर, तं पाहून घ्या त्याचा हात." कारकुनाचं तोंड पडलं. शेठ मात्र मजेत पुढे सरकला.

पाटलाला जाता येईना, चिडता येईना. पोळा फुटल्याशिवाय, म्हणजे तोरण तुटून बैल सुटल्याशिवाय, मानाच्या बैलाजवळून हलायचं नसतं. त्याने हसून न्यायचा प्रयत्न केला, पण गाव थांबेना. प्रत्येक ओळीला गजर चढत गेला. शेवटी त्याने सुई उचलली. चावडीवर मिशीवरून फिरला होता तोच हात. दोरा नेढ्याच्या डावीकडून गेला, मग उजवीकडून. त्याने दोरा तोंडात घातला तर पानाचा लाल रंग लागला. कोणी तरी ओरडलं, "मालक, सुई उलटी धरली हो!" आणि खरंच उलटी धरली होती. ती फिरवताना अंगठ्यात गेली. मी जवळ उभा होतो, एक ओळ संपली की दुसरी सुरू करत होतो आणि त्याच्या अंगठ्यावर आलेला रक्ताचा थेंब डोळे भरून बघत होतो. मला दया आली नाही. आजही येत नाही.

शेठ हसत म्हणाला, "रहने दो पाटील, ये आपका काम नहीं." तेवढ्याने झालं. पाटलाने छातीवरचा बिल्ला ओढला, अंगरख्याचं कापड फाटलं, आणि तो थाळीत टाकला. "घे. दे तुह्या बापाले." तोरण तुटलं, पोळा फुटला, बैल गावाकडे पळाले. लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते. त्या गावात आता आपल्याला काम मिळणार नाही आणि दिवाळीच्या आत अमरावतीची वाट धरावी लागणार, हे मला तिथेच कळलं होतं, पण त्याची तमा वाटली नाही.

बिल्ला मुठीत घेऊन मी वळलो तेव्हा मला बा दिसला. आखराच्या कडेला लिंबाच्या पारावर तो बसला होता. त्याला दुपारी मीच तिथे आणून बसवलं होतं. आठ महिने मी ओळ न् ओळ जुळवली, पाहुणे कुठे उभे राहतील त्याचा हिशेब केला, आणि पारावर बसलेल्या आंधळ्याचे कान शाबूत आहेत हे माझ्या ध्यानात आलं नाही. असं सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही. सूड चढलेल्या माणसाला समोरचा एकच माणूस दिसतो.

मी त्याच्याजवळ बसलो आणि बिल्ला त्याच्या हातावर ठेवला. "बा, तुहा बिल्ला. अकोल्याचा."

त्याने तो चाचपला, वजन पाहिलं, कडेवरून नख फिरवलं आणि मांडीवर ठेवून दिला. सूर्य खाली गेला होता. गावातून घरोघरी बैल ओवाळल्याचे आवाज येत होते.

"म्हंजे चिठ्ठीवर माहं नाव नव्हतं," तो म्हणाला.

मी त्याच्या मांडीवरचा बिल्ला सरळ करून ठेवला.

"मंग त्या दिशी माहं बोट तू कोनाच्या नावावर ठेवलं होतं?"

मी म्हणालो, "पाटलाच्या."

बाने उजव्या हाताचं ते बोट धोतराला पुसलं. मग पुन्हा पुसलं. अंधार पडून माझी बायको हाक मारायला आली तरी तो पुसतच होता.